रडवल्याबद्दल एक हजार ड्रॅक्मा दंड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाटक पाहून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले, तर आपण नाटककाराची पाठ थोपटतो. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या अथेन्स शहरात एका नाटककाराला याच गोष्टीबद्दल दंड झाला होता. त्याचे नाव फ्रिनिकस.

प्रकरण असे झाले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मायलेटस नावाचे भरभराटीचे ग्रीक शहर होते. अथेन्सचे लोक तिथल्या रहिवाशांना आपले भाऊबंद मानत. त्या भागातल्या ग्रीकांनी पर्शियन सम्राटाविरुद्ध बंड केले, तेव्हा अथेन्सने मदतीला वीस जहाजे पाठवली आणि थोड्याच दिवसांत ती परत बोलावून घेतली. पुढे इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये पर्शियन फौजेने मायलेटस जिंकले. बहुतेक पुरुष मारले गेले, बायकामुलांना गुलाम करून नेले. फ्रिनिकसने याच घटनेवर नाटक लिहिले. सगळे प्रेक्षागृह ढसाढसा रडले. त्यानंतर अथेन्सच्या नागरिकांनी फ्रिनिकसला एक हजार ड्रॅक्मा दंड केला आणि हे नाटक पुन्हा कोणीही करायचे नाही, असा हुकूम काढला. पुढच्या काळात कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक ड्रॅक्मा होती, यावरून दंडाची कल्पना यावी. गुन्हा कोणता, तर आपल्या घरच्या दुःखाची आठवण करून दिली. इतिहासकार हिरोडोटसने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

ते नाटक आज आपल्याजवळ नाही. ही हकीकत मात्र उरली आहे, आणि ग्रीक रंगभूमीची गोष्ट सांगायची तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. गावाने कोणासाठी रडायचे आणि कोणासाठी नाही, हे कोणी ठरवायचे? ग्रीक नाटक पुन्हापुन्हा रंगमंचावर येत राहिले, त्यामागे मला हा प्रश्न दिसतो.

आता हे नाटक होत कसे असे, ते पाहू. अथेन्समध्ये वसंत ऋतूत, आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव भरे. हा द्राक्षांचा, मद्याचा आणि बेभान होण्याचा देव. ॲक्रोपोलिस या टेकडीच्या दक्षिण उतारावर त्याचे देऊळ होते आणि देवळाला लागूनच नाटकाची जागा. उत्सवात शोकनाटकांची स्पर्धा होई. तीन कवी निवडले जात. प्रत्येकाने तीन शोकनाटके आणि शेवटी एक धटिंगण विनोदी नाटक सादर करायचे. सकाळच्या उजेडात, उघड्यावर. खर्च शहरातला एखादा श्रीमंत नागरिक करी. ती त्याची हौसही असे आणि शहराने त्याच्यावर टाकलेली जबाबदारीही. निकालासाठी चिठ्ठ्या टाकून दहा पंच निवडत.

नट सगळे पुरुष. बोलणारे नट सुरुवातीला एक, मग एस्किलसने दुसरा आणला, सॉफोक्लिसने तिसरा, असे ॲरिस्टॉटल सांगतो. तिघांनीच मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करायच्या. पण नाटकाचे अर्धे अंग वेगळेच होते. ते म्हणजे कोरस. बारा, पुढे पंधरा नागरिकांचा हा समूह गात असे, नाचत असे आणि नाटक संपेपर्यंत सहसा जागा सोडत नसे. साथीला सनईच्या जातीचे दोन नळ्यांचे एक वाद्य असे. आज ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की वादकांचा ताफा डोळ्यांसमोर येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे नाचण्याची जागा. ‘थिएटर’ म्हणजे पाहण्याची जागा. आणि ‘सीन’ हा शब्द ज्या ‘स्केने’वरून आला त्याचा अर्थ तंबू किंवा खोपटे; त्यात शिरून नट मुखवटा बदलत. म्हणजे रंगभूमीचे मधले अंगण नटांपेक्षा कोरसचे होते. राजा-राणीवर काय कोसळते ते नट दाखवत. ते पाहून गावाला काय वाटते, हे कोरस सांगे. कधी तो म्हाताऱ्या सल्लागारांचा असे, कधी खलाशांचा, कधी कैदेत पडलेल्या बायकांचा.

फ्रिनिकसला दंड झाल्यानंतर वीसेक वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४७२ मध्ये, एस्किलसचे ‘पर्शियन्स’ हे नाटक झाले. आज पूर्ण उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने ग्रीक नाटक. मधल्या काळात बरेच घडले होते. पर्शियन सम्राट झर्क्सिसने ४८० मध्ये अथेन्स जाळले होते आणि त्याच वर्षी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमाराने त्याचा धुव्वा उडवला होता. एस्किलस स्वतः मॅरॅथॉनच्या रणांगणावर लढलेला. प्रेक्षकांतले कित्येक जण सॅलॅमिसला वल्ही मारून आलेले. त्यांच्या पाठीमागे टेकडीवर जळक्या देवळांचे अवशेष तसेच उभे होते. आज आपण ज्याचे फोटो पाहतो ते पार्थेनॉन अजून बांधायचे होते. अशा लोकांसमोर एस्किलसने विजयाचा पोवाडा गाइला असता तर काय बिघडले असते? पण नाटक घडते शत्रूच्या राजधानीत, सुसा शहरात. रंगमंचावर एकही ग्रीक पात्र नाही. पर्शियन म्हाताऱ्यांचा कोरस आहे, मुलाची वाट पाहणारी राजमाता आहे, पराभवाची बातमी घेऊन आलेला जासूद आहे आणि शेवटी फाटक्या वस्त्रांनी परतलेला झर्क्सिस आहे. अथेन्सच्या नागरिकांनी पर्शियनांचे मुखवटे चढवून पर्शियनांचा आक्रोश केला.

यात विजयाचा आनंद मुळीच नव्हता असे समजू नये. शत्रूची रडारड पाहून सुखावणारेही तिथे बसले असतील. अभ्यासकांमध्ये यावर आजही दोन पक्ष आहेत. तरीही शत्रूच्या आईला दुःख असते, ही गोष्ट त्या सकाळी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिली. या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. त्याचा खर्च उचलणारा तरुण होता पेरिक्लिस, पुढे अथेन्सचा सर्वांत मोठा नेता झाला तोच.

तिसरी पायरी याहून अवघड होती. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये अथेन्सने मेलोस या छोट्या बेटाला वेढा घातला. बेटाचा अपराध इतकाच, की त्याला अथेन्सच्या बाजूने युद्धात उतरायचे नव्हते. हिवाळ्यात मेलोस शरण आले. अथेन्सच्या लोकांनी हाती लागलेले प्रौढ पुरुष मारले, बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. मायलेटसमध्ये पर्शियनांनी जे केले होते तेच आता अथेन्सने केले. त्यानंतर काही महिन्यांतच, ४१५ च्या वसंतात, युरिपिडीसने ‘ट्रोजन विमेन’ म्हणजे ट्रॉयच्या स्त्रिया हे नाटक सादर केले. ट्रॉय पडले आहे. पुरुष मेले आहेत. कोणती बाई कोणाच्या वाट्याला जाणार, याची वाट पाहत बायका तंबूंपाशी बसल्या आहेत. म्हातारी राणी हेक्युबा जमिनीवर पडली आहे. तिचा लहानगा नातू मोठा होऊन सूड घेईल, या भीतीने ग्रीक त्याला तटावरून खाली फेकतात. त्याचे प्रेत बापाच्याच ढालीवर ठेवून आजी त्याला निरोप देते. नाटकात याहून अधिक काही ‘घडत’ नाही.

मेलोसमुळेच हे नाटक लिहिले गेले, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. नाटकाची तयारी उत्सवाच्या कितीतरी आधी सुरू होई आणि ट्रॉयची कथा तर जुनीच होती. पण सभेत हात वर करून लढाईचे निर्णय घेणारे नागरिक त्या दिवशी प्रेक्षकांत बसले होते, हे नक्की. नाटकाला दुसरे बक्षीस मिळाले. फ्रिनिकससारखा दंड कोणी केला नाही. आणि नाटक पाहून कोणाचे मन पालटले असेही दिसत नाही, कारण त्याच उन्हाळ्यात अथेन्सचे प्रचंड आरमार सिसिली जिंकायला निघाले. दोन वर्षांनी ते पुरते बुडाले. हजारो अथेनियन सिराक्यूजच्या दगडखाणींत कैदी म्हणून सडले. प्लूटार्कने सुमारे पाचशे वर्षांनंतर एक आख्यायिका लिहून ठेवली आहे. सिराक्यूजच्या लोकांना युरिपिडीसचे वेड होते, आणि ज्या कैद्यांना त्याच्या नाटकांतले उतारे पाठ होते त्यांची त्या बळावर सुटका झाली. घरी परतल्यावर त्यांनी जाऊन कवीचे आभार मानले म्हणे. आख्यायिका खरी असो वा नसो, आपल्याशी लढलेल्या शहराचे नाटक लोक आवडीने ऐकत, हे तिच्यातून कळते.

युरिपिडीस आणि सॉफोक्लिस दोघेही ४०६ मध्ये गेले. दोन वर्षांनी अथेन्स युद्ध हरले. नाटके मात्र चालू राहिली. ३८६ मध्ये उत्सवात जुन्या शोकनाटकाचा प्रयोग करण्याची प्रथा पडली. म्हणजे जुनी नाटके नव्याने बसवण्याचा इतिहास तिथूनच सुरू होतो, आणि त्याबरोबर तक्रारीही. नट आपल्या पदरची वाक्ये घालतात, संहिता बिघडवतात, अशी ओरड झाली असावी; कारण चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात लायकर्गस या राजकारणी पुरुषाने एस्किलस, सॉफोक्लिस आणि युरिपिडीस यांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती सरकारी दप्तरात ठेवायला लावल्या आणि नटांनी त्याबरहुकूम बोलावे असा नियम करून घेतला. दगडी प्रेक्षागृह पुरे झाले तेही त्याच्याच काळात. याच प्रती पुढे इजिप्तच्या टॉलेमी राजाने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी नक्कल करायला मागून घेतल्या. अनामत म्हणून पंधरा टॅलेंट एवढी मोठी रक्कम ठेवली. मग त्याने सुंदर नकला अथेन्सला पाठवल्या, मूळ प्रती स्वतःकडे ठेवल्या आणि अनामत रकमेवर खुशाल पाणी सोडले. ही हकीकत गेलन या वैद्याने सांगितली आहे.

एवढी काळजी घेऊनही उरले किती? सॉफोक्लिसने सव्वाशेच्या आसपास नाटके लिहिली. त्यांतली सात पूर्ण उरली. एस्किलसच्या नावावरही सातच, आणि त्यांतल्या ‘प्रॉमिथ्यूस’च्या कर्तृत्वाबद्दल वाद आहे. युरिपिडीसची एकोणीस उरली, त्यांपैकी एक त्याचे नसावे असे बहुतेकांना वाटते. त्याची जास्त का उरली, याचे कारण गमतीचे आहे. त्याच्या नाटकांची वर्णानुक्रमे लावलेली एक प्रत होती. तिच्यातला एक तुकडा योगायोगाने वाचला. म्हणून ग्रीक वर्णमालेतल्या एप्सिलॉन ते कॅपा या अक्षरांनी सुरू होणारी नाटके आपल्याला मिळाली. म्हणजे एकीकडे शाळांतून पढवण्यासाठी विद्वानांनी निवडलेली नाटके, आणि दुसरीकडे निव्वळ नशिबाने हाती लागलेली.

आणि जे उरले ते फक्त शब्द. आपण मराठीत नाटकाचे पुस्तक उघडतो तेव्हा कंसात सूचना असतात: डावीकडून प्रवेश, थोडे थांबून, हसत. ग्रीक संहितांत असे जवळजवळ काही नाही. कोण बोलतो हेही कित्येक ठिकाणी नुसत्या रेघेने दाखवलेले. संगीत गेले, नृत्य गेले. व्हिएन्नात पपायरसचा एक फाटका तुकडा आहे. त्यावर युरिपिडीसच्या ‘ओरेस्टिस’मधल्या कोरसच्या जेमतेम सात ओळी असून त्यांच्या डोक्यावर स्वरांच्या खुणा आहेत. त्या चाली खुद्द कवीच्या असतीलही. तुकडा मात्र त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांचा आहे. मुखवटे कापडाचे किंवा लाकडाचे असावेत; एकही टिकला नाही. ते कळतात मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांतून. इटलीत नेपल्सच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराचे एक मोठे भांडे आहे. त्यावर नट हातात मुखवटे धरून उभे आहेत आणि मध्ये वाद्य वाजवणारा प्रोनोमस बसला आहे. अशा पुराव्यांवरून अभ्यासक एकेक धागा जुळवतात आणि जुनी समजूत मोडतातही. पाचव्या शतकातले अथेन्सचे नाट्यगृह म्हणजे पंधरा हजारांचे भव्य दगडी अर्धवर्तुळ, असे पूर्वी पुस्तकांत असे. आता अनेकांचे मत असे, की तेव्हा लाकडी बाके होती, प्रेक्षक त्याच्या निम्म्याहूनही कमी असावेत आणि कोरसचे अंगण कदाचित गोलही नसावे.

जी जागा रिकामी राहते ती प्रत्येक काळ आपापल्या परीने भरतो. १४२३ च्या सुमारास ऑरिस्पा या इटालियन पंडिताने कॉन्स्टँटिनोपलहून हस्तलिखितांचे गठ्ठे आणले. त्यांतल्या एका दहाव्या शतकातल्या पोथीत एस्किलस आणि सॉफोक्लिसची सातही नाटके होती. ती आज फ्लॉरेन्समध्ये आहे. मग वाचन सुरू झाले, छपाई झाली, आणि ३ मार्च १५८५ रोजी इटलीतल्या व्हिचेन्झा गावात नव्या ‘तेआत्रो ऑलिंपिको’चे उद्घाटन सॉफोक्लिसच्या ‘ईडिपस’ने झाले. नाट्यगृहाचा आराखडा प्रसिद्ध वास्तुकार पॅलाडिओचा. कोरसला चाली दिल्या आंद्रेआ गॅब्रिएली या चर्चच्या संगीतकाराने. ईडिपसच्या थीब्ज नगरातले रस्ते म्हणून उभारलेला लाकडी देखावा आजही तिथे जागेवर आहे. प्रयोग मोठा श्रीमंती झाला. पण कोरस म्हणजे गाव, ही गोष्ट त्या दरबारी थाटात हरवली होती.

त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्लॉरेन्सच्या काही संगीतकारांनी आणि पंडितांनी अशी समजूत करून घेतली, की ग्रीक शोकनाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊनच म्हणत. ती समजूत पूर्ण खरी नव्हती. संवादांचा बराच भाग बोलला जाई. पण तिच्यातून १६०० मध्ये याकोपो पेरीची ‘युरिदिचे’ जन्मली आणि ऑपेरा हा नवा नाट्यप्रकार उभा राहिला. चुकीच्या अभ्यासातूनही कधी कधी असे मोठे काम होते.

एकोणिसाव्या शतकाला अस्सलपणाची ओढ लागली. १८४१ मध्ये प्रशियाच्या राजाने पॉट्सडॅमच्या राजवाड्यात ‘अँटिगनी’ करवून घेतले. संगीत मेंडेल्सनचे होते, आणि ग्रीक छंदांचा ताल राखण्याचा त्याने कसून प्रयत्न केला. पुढे इंग्लंडच्या विद्यापीठांत मुले मूळ ग्रीकमधून नाटके करू लागली. केंब्रिजमध्ये १८८७ मध्ये ‘ईडिपस’ ग्रीकमध्ये झाले, आणि कोणी हरकत घेतली नाही. तेच नाटक लोकांना कळेल अशा इंग्रजीत व्यावसायिक रंगमंचावर करायचे म्हटले, तेव्हा १९०४ मध्ये सरकारी नियंत्रकाने परवानगी नाकारली. मुलगा अजाणता आईशी लग्न करतो, हा विषय लंडनच्या प्रेक्षकांना झेपणार नाही म्हणे. १९१० मध्ये बंदी उठली, आणि १९१२ मध्ये माक्स राइनहार्ट या दिग्दर्शकाने कॉव्हेंट गार्डनमध्ये तो प्रयोग केला. शेकडो माणसांचा जमाव प्रेक्षकांमधून धावत येऊन राजवाड्याच्या पायऱ्यांवर ईडिपसपुढे हात पसरू लागला. पंडितांनी नाके मुरडली. ग्रीकांचे पंधराच असत, हे शेकडो कुठून आले? पण कित्येक शतकांनंतर ‘गाव’ पुन्हा नाटकात शिरले होते.

खुद्द ग्रीसमध्ये १९२७ मध्ये कवी अँजेलोस सिकेलियानोस आणि त्याची अमेरिकन पत्नी एव्हा पामर यांनी डेल्फीच्या पुराणप्रसिद्ध नाट्यगृहात ‘प्रॉमिथ्यूस’ उभे केले. एव्हाने कोरसची वस्त्रे हातमागावर विणली. भांड्यांवरच्या चित्रांतल्या मुद्रा पाहून तिने नृत्य बसवले, आणि चाली ग्रीक चर्चच्या संगीताच्या वळणाने बांधून घेतल्या. १९३० मध्ये दुसरा उत्सव झाला. तोवर दोघे कर्जात बुडाले होते. एव्हा अमेरिकेला गेली. १९५२ मध्ये ती डेल्फीला परत आली, त्याच वर्षी वारली आणि तिथेच तिला पुरले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच एपिडॉरसच्या भव्य प्राचीन नाट्यगृहात दरवर्षीचा नाट्यमहोत्सव सुरू झाला. तो आजही भरतो.

विसाव्या शतकाने मात्र ग्रीक नाटकाकडे अस्सलपणापेक्षा निकडीने पाहिले. फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते, तेव्हा झाँ अनुईचे ‘अँटिगनी’ रंगमंचावर आले. सॉफोक्लिसचीच कथा: राजद्रोही ठरलेल्या भावाला मूठमाती द्यायची नाही, असा राजा क्रेऑनचा हुकूम, आणि तो मोडणारी बहीण. कोणासाठी रडायचे हे सत्ता ठरवू पाहते, तो हाच प्रसंग. १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत काळ्या कलावंतांची एक मंडळी हेच नाटक बसवत होती. प्रयोगाआधी त्यांतल्या एका नटाला पकडून रॉबेन बेटावरच्या तुरुंगात धाडले. त्या अनुभवातून पुढे १९७३ मध्ये ॲथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी ‘द आयलंड’ हे नाटक रचले. त्यात दोन कैदी कोठडीत ‘अँटिगनी’ची तालीम करतात. रॉबेन बेटावर खुद्द कैद्यांनीही ‘अँटिगनी’ केले होते. त्यात क्रेऑनची भूमिका आपण केली, असे नेल्सन मंडेला यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. जुलमी राजाची भूमिका मंडेलांच्या वाट्याला आली. एस्किलसच्या नागरिकांनी शत्रूचा मुखवटा चढवला होता, त्याची इथे आठवण होते.

आपल्याकडेही ही नाटके आली. १९५० च्या दशकात मुंबईत इब्राहिम अल्काझी यांनी ती इंग्रजीतून केली. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी सॉफोक्लिसचे नाटक आणताना शीर्षकात ‘ईडिपस’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार सोडला आणि मूळ ग्रीक नावाला जवळचे ‘राजा ओयादिपौस’ असे नाव दिले. उलट दिशेचा प्रवासही झाला. फ्रेंच दिग्दर्शिका आरियान म्नुश्किन हिने १९९० ते १९९२ या काळात एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी, तिच्या आधी युरिपिडीसचे एक नाटक जोडून, सादर केली. कोरस नाचायचा कसा, हे युरोपच्या परंपरेत सापडेना. त्यासाठी तिने कथकलीसारख्या भारतीय नृत्यनाट्यांचा आधार घेतला.

मला सर्वांत हलवून गेला तो प्रयोग २०१३ च्या डिसेंबरात जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये झाला. सीरियातल्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासित बायकांनी ‘ट्रोजन विमेन’ केले. त्यांपैकी बहुतेकींनी पूर्वी कधी रंगमंचावर पाऊल ठेवले नव्हते. काहींना चेहरा दाखवायचीही भीती वाटे, कारण मागे राहिलेल्या नातेवाइकांवर त्याचा राग निघाला असता. त्यांनी युरिपिडीसच्या शब्दांत आपल्या घरांच्या, गेलेल्या माणसांच्या हकीकती मिसळल्या. त्यावर ‘क्वीन्स ऑफ सीरिया’ हा माहितीपटही निघाला. कोरस म्हणजे काय, हे त्या बायकांना कोणाला समजावून सांगावे लागले नसेल. शहर पडल्यावर बाहेर बसलेल्या बायका, एवढीच तर त्याची व्याख्या होती.

मग प्रश्न येतो: जो तो आपले दुःख घालून ही नाटके करत असेल, तर मूळ प्रयोग शोधण्याची, भांडी आणि पपायरस तपासत बसण्याची गरज काय? मला वाटते, गरज आहेच. अथेन्सच्या प्रेक्षकांत कोण बसले होते हे अभ्यासकांनी दाखवले नसते, तर ‘ट्रोजन विमेन’ हे नुसते हरलेल्यांचे रडगाणे वाटले असते. ते जिंकणाऱ्या शहराने, जिंकत असताना, स्वतःसमोर मांडले होते, हे कळले की त्याचे वजन बदलते. अम्मानच्या बायकांनी नाटकाला आपला आवाज दिला. मूळ प्रेक्षकांची जागा कोणती होती, ते अभ्यास सांगतो. त्या जागेवर बसण्याची पाळी आज कोणाची, हा पुढचा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा.

आणि शोध संपलेला नाही. इजिप्तच्या वाळूत २०२२ मध्ये एका दफनभूमीत पपायरसचा तुकडा मिळाला. त्यावर युरिपिडीसच्या दोन हरवलेल्या नाटकांच्या मिळून सुमारे शंभर ओळी असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यांतल्या बहुतेक ओळी यापूर्वी आपल्याला ठाऊक नव्हत्या.

एखाद्या दिवशी त्याच वाळूतून फ्रिनिकसही बाहेर येईल का? सांगता येत नाही. आले तर त्या नाटकातल्या कोणत्या ओळींनी सगळे अथेन्स रडले, हे आपण वाचू शकू. न आले तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अथेन्सने त्या नाटकावर कायमची बंदी घातली आणि नाटक खरोखरच नाहीसे झाले. पण ते पाहून लोक रडले होते, ही गोष्ट दंडाच्या त्या नोंदीनेच आपल्यापर्यंत पोहोचवली.